आपत्कालीन पथकासाठी ट्रॉफी घडवताना: माती हातात घेण्याआधी आणि नंतर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एका आपत्कालीन प्रतिसाद पथकाच्या गौरवासाठी शिल्प-ट्रॉफी करायचं काम तुमच्याकडे आलंय. उंची दीड फुटाच्या आत, धातू ब्रॉंझ, हातात आठ आठवडे. स्केचमध्ये एक धिप्पाड जवान मुलाला कडेवर घेऊन ज्वाळांतून बाहेर पडतोय आणि त्याच्या पाठीला पंख आहेत. पथकातल्या एकाने ते पाहून ‘पोस्टर वाटतंय’ म्हटलं आणि तेव्हापासून तुमचा हात अडलाय. शेवटी विचारलंय की ब्रॉंझच करू की रेझिनवर, म्हणजे साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकवर, भागवू.

ब्रॉंझ की रेझिन हा सोपा प्रश्न आहे, त्याकडे येतेच. अडचण आधीच्या पायरीवर आहे. गौरव करायचाय पथकाचा आणि तुम्ही काढलाय एक माणूस. तो कितीही देखणा काढला तरी पथकातले बाकीचे त्याच्याकडे पाहून ‘हा कोण?’ असंच म्हणणार. आणि ज्याच्यासारखा तो दिसेल, त्याची उरलेले टिंगल करणार. मी अशी पाच-सहा कामं केली आहेत, त्यातल्या पहिल्या दोन्हींत हीच चूक केली होती, म्हणून इतक्या ठामपणे सांगतेय. पंख तर काढूनच टाका. ही माणसं सराव करून, गाठी तपासून, एकमेकांना ओरडून सांगून काम करतात. पंख लावले की ती सगळी मेहनत दैवी कृपेच्या खात्यात जमा होते, आणि ते त्यांना आवडत नाही.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या तुम्हालाच विचारून घ्याव्या लागतील. ट्रॉफी एकदाच द्यायची आहे की फिरती ढाल आहे, दर वर्षी नवं नाव चढणारी? पथक कोणतं: आग विझवणारं, दोरावरून उतरणारं, ढिगारा उपसणारं, रुग्णवाहिकेचं, की सगळं मिळून? ठेवणार कुठे, काचेच्या कपाटात की येता-जाता हात लागेल अशा टेबलावर? आणि सगळ्यात नाजूक प्रश्न, जो आयोजक स्वतःहून सांगत नाहीत: या पथकाने कामावर असताना कुणी सहकारी गमावलाय का? उत्तर ‘हो’ असेल, तर तुमच्या प्रत्येक रेषेचा अर्थ बदलतो. हा प्रश्न समारंभाच्या आयोजकांना न विचारता पथकाच्या प्रमुखांना एकट्यात विचारा.

यातून मी कशी शिकले ते सांगते. एका अग्निशमन पथकासाठी काम घेतलं तेव्हा मी दोन दिवस नुसती त्यांच्या ठाण्यात जाऊन बसले होते. तिथे मला सगळ्यात जास्त काय भावलं असेल तर भिंतीलगत ओळीने ठेवलेले बूट. बुटांवर जाड पॅन्ट खाली गुंडाळून ठेवलेली, अशी की घंटा झाली की दोन्ही पाय थेट बुटात जावेत आणि पॅन्ट ओढून वर घ्यावी. मला वाटलं, सापडलं. यात ना चेहरा, ना वीर, आणि तयारी मात्र सगळी आली. घरी जाऊन मेणात एक छोटा नमुना केला: एक जोड बूट, त्यावर चुण्या पडलेली पॅन्ट. चुण्या फार छान आल्या होत्या. तो नमुना प्रमुखांपुढे ठेवला. त्यांनी तो बोटाने हळूच एक फेरी फिरवला आणि म्हणाले, “आमच्याकडे रिकामे बूट वेगळ्या वेळी मांडतात.” पुढे काही बोलले नाहीत. मला कळायला दोन क्षण लागले. रिकामे बूट, रिकामं हेल्मेट, माणूस नसलेला पोशाख यांचा त्यांच्या जगात अर्थ एकच असतो, गेलेला सोबती. मी गौरवाच्या कार्यक्रमात श्रद्धांजली घेऊन गेले होते.

म्हणून माझं पहिलं काम आता ठरलेलं असतं. चिन्हं काढण्याआधी त्या लोकांच्या भाषेत त्या चिन्हाचा अर्थ काय, हे विचारते. दुसरं काम म्हणजे सराव बघते. खऱ्या घटनेच्या वेळी आपण तिथे असू नये, मध्ये मध्ये करू नये, पण सरावाला बहुतेक पथकं आनंदाने बोलावतात. तिथे चेहऱ्यांकडे बघू नका, चेहरे फोटोत मिळतात. हात बघा, पाठी बघा, आणि कुणाचं वजन कुणावर आहे ते बघा.

स्ट्रेचर उचलताना बघितलंत तर लगेच कळेल. खडबडीत वाटेवर बास्केट स्ट्रेचर, म्हणजे टोपलीसारखं कडा असलेलं स्ट्रेचर, न्यायला सहसा सहा जण लागतात, दोन्ही बाजूंना तीन-तीन. आज्ञा एकच जण देतो, बहुतेकदा डोक्याशी उभा असलेला, कारण रुग्णाचा चेहरा त्याला दिसत असतो. बाकीचे खाली पावलांकडे बघत असतात. सपाटीवर रुग्णाचे पाय पुढे, चढावर डोकं पुढे. एक हात दांडीला, दुसरा तोल सांभाळायला मोकळा. सहाही पाठी एकाच कोनात कललेल्या असतात आणि तो कोन कुणी ठरवलेला नसतो, वजनाने ठरवलेला असतो. शिल्पकाराला याहून जास्त काय हवं? शिवाय माना खाली असल्यामुळे चेहरे आपोआप झाकले जातात, म्हणजे ‘हा अमक्यासारखा दिसतो’ हा वादच उरत नाही.

मी पुढे ज्या ट्रॉफीवर समाधानी झाले ती यातूनच निघाली. पाच माणसं स्ट्रेचर उचलून निघाली आहेत. सहाव्याची जागा मोकळी आहे आणि त्या बाजूची दांडी स्ट्रेचरच्या बाहेर येऊन जाड होत जाते. इतकी की टोकाला ती खऱ्या माणसाच्या मुठीच्या मापाची होते. माणसं बोटाएवढी, आणि ही एक मूठ खऱ्या हाताची. ट्रॉफी उचलायची तर ती मूठ धरायची. जो उचलेल तो सहावा.

हे लिहिताना जितकं सरळ वाटतंय तितकं ते नव्हतं. समितीतल्या एका गृहस्थांनी मातीचा नमुना पाहून पहिलं विचारलं, “एक माणूस तुटला का?” ते हसण्यावारी गेलं, पण त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. रिकामी जागा म्हटली की बुटांचाच धडा पुन्हा आला. एका जागी माणूस नाही याचा अर्थ ‘आमच्यातला एक गेला’ असा होऊ शकतो. मी तो नमुना घेऊन थेट पथकाकडे गेले, कुणाला काही समजावून न सांगता टेबलावर ठेवला आणि बाजूला झाले. पाच मिनिटांत एकाने हात पुढे करून मूठ धरली आणि उचलून बघितली. मग दुसऱ्याने. तेव्हा मला उत्तर मिळालं. जागा नुसती रिकामी असती तर तो वियोग झाला असता, पण ती हाताच्या मापाची होती आणि हात तिकडे आपसूक जात होता. तरीही मी त्यांना तोंडाने विचारलं, यात तुम्हाला कुणाची आठवण होते का. नाही म्हणाले. ‘हो’ म्हणाले असते तर मी दुसरं काहीतरी केलं असतं, किंवा त्यांनाच विचारलं असतं की आठवण असू द्यायची का.

ही कल्पना उचलू नका, तुमच्या पथकाची तुम्हालाच सापडेल. दोरावरच्या पथकाकडे कदाचित ती वर थांबलेल्या, दोर सोडणाऱ्या माणसात असेल, ज्याला खाली काय चाललंय ते दिसतच नाही, फक्त हाताला जाणवतं. ढिगारा उपसणाऱ्यांकडे एक क्षण असतो जेव्हा सगळी यंत्रं बंद करून सगळे गप्प उभे राहतात, खालून आवाज येतोय का ते ऐकायला. ते शिल्पात आणणं अवघड आहे, पण मला कुणी ते काम दिलं तर मी फुकट करेन.

आणि एक माणूस विसरू नका जो कुठल्याच फोटोत नसतो, तो म्हणजे फोन घेणारा. एका नियंत्रण कक्षात मी एक रात्र बसले होते. तिथल्या बाईंनी चार तासांत कितीतरी लोकांना धीर दिला, आणि त्यांतल्या बहुतेकांचं पुढे काय झालं हे त्यांना कधीच कळणार नव्हतं. गाडी पोचली की फोन बंद. त्यानंतर मी नावांची पट्टी हुद्द्याप्रमाणे करायचं सोडलं. एकाच घटनेसाठी ट्रॉफी असेल तर नावं घटनेच्या क्रमाने लावते: फोन घेतला तो पहिला. आयोजक कधीकधी कुरकुरतात, कारण साहेब खाली जातात. पथक कधी कुरकुरलेलं नाही.

आता चिन्हांबद्दल, कारण तुमच्या स्केचच्या बैठकीवर मला एक क्रॉस दिसतोय. पांढऱ्यावर लाल क्रॉस सजावटीला वापरता येत नाही. 1864 च्या पहिल्या जिनिव्हा कराराने युद्धातल्या वैद्यकीय सेवेसाठी ठरवलेलं ते संरक्षक चिन्ह आहे आणि 1949 च्या करारांनी त्याचा इतर वापर रोखलेला आहे. लाल चंद्रकोर आणि 2005 मध्ये आलेला लाल स्फटिक यांनाही तेच लागू. रुग्णवाहिकांवर जो सहा भुजांचा निळा तारा दिसतो तो वेगळा, तो 1970 च्या दशकात अमेरिकेत तयार झाला. त्याच्या सहा भुजा म्हणजे घटना लक्षात येणं, खबर देणं, मदत निघणं, जागेवर उपचार, वाटेतले उपचार आणि रुग्णालयाच्या हवाली करणं. बघा, दुसरी भुजा फोनचीच आहे. त्या ताऱ्यातला दंड एका सापाचा असतो, वैद्यकाचा तोच. दोन साप आणि वर पंख असलेला दंड हर्मीसचा, म्हणजे व्यापाराच्या आणि निरोप पोचवणाऱ्या ग्रीक देवाचा आहे, आणि तो वैद्यकीय मानचिन्हांवर चुकून इतका वापरला जातो की आता चूक म्हणायचीही लाज वाटते. नागरी संरक्षणाचं आंतरराष्ट्रीय चिन्ह म्हणजे नारिंगीवर निळा समभुज त्रिकोण, 1977 च्या पुरवणी करारातलं. तेही मनाने वापरू नका. माझा नियम साधा आहे: पथकाच्या छातीवर जे चिन्ह आहे तेच, त्यांच्याकडून लेखी परवानगी आणि मूळ फाइल घेऊन, लहान आकारात, बैठकीवर. शिल्पात नाही.

उपकरणं दाखवायची तर बरोबर दाखवा, नाहीतर नका दाखवू. माझ्या एका सुरुवातीच्या कामात दोराच्या टोकाला आठाच्या आकाराची गाठ होती. मी ती फोटोवरून केली होती आणि एका ठिकाणी दोराचं टोक उलट बाजूने बाहेर काढलं होतं. तोवर ओतकाम होऊन गेलेलं. पथकातल्या एका मुलीने जेमतेम दोन सेकंद पाहिलं आणि म्हणाली, “हा पडणार.” समारंभात टाळ्या झाल्या, पण त्या ट्रॉफीकडे बघून ती लोकं आयुष्यभर तेवढंच बघणार. आता मी गाठ त्यांच्याकडून खऱ्या दोरात बांधून घेते आणि ती समोर ठेवून करते. हेल्मेटचंही तसंच. आगीचं हेल्मेट आणि दोरकामाचं हेल्मेट वेगळं, हनुवटीचा पट्टा कुठून येतो ते बघून घ्या.

पण बरोबर म्हणजे मापाबरहुकूम नव्हे. बचावकामाचा दोर साधारण 11 मिलिमीटर जाड असतो. तुमची माणसं खऱ्याच्या एक षष्ठांश असतील, तर हिशेबाने दोर दोन मिलिमीटरहूनही बारीक येतो. तो ओतताना भरला तरी पहिल्याच धक्क्याला वाकणार, आणि डोळ्यालाही तो दोर वाटणार नाही, केस वाटेल. मी तीन मिलिमीटर धरते. कुणालाही खटकत नाही. दोराचा पीळ हवा असेल तर सुती दोरी मेणात बुडवून थेट नमुन्यात घालता येते, भट्टीत ती जळून जाते. नायलॉनची घालू नका.

आता मटेरियल. ब्रॉंझची घनता एका घन सेंटिमीटरला जवळपास 8.8 ग्रॅम, रेझिनची 1.1 ते 1.2. तुमचं शिल्प 30 सेंटिमीटर उंच आणि पृष्ठभाग साधारण 1,000 चौरस सेंटिमीटर धरला, भिंत चार मिलिमीटर ठेवली, तर धातू 400 घन सेंटिमीटर लागतो. म्हणजे साडेतीन किलो. तेवढंच पोकळ रेझिन अर्धा किलोसुद्धा भरत नाही. खाली 15 बाय 15 बाय 6 सेंटिमीटरची ग्रॅनाइटची बैठक लावलीत तर तिचेच साडेतीन किलोंच्या वर होतात. ब्रॉंझसकट मग सात किलो. तुलनेसाठी, ऑस्करची बाहुली 34 सेंटिमीटर उंच आणि पावणेचार किलोंपेक्षा थोडी जास्त आहे, आणि फुटबॉल विश्वचषक जवळपास 37 सेंटिमीटर आणि 6.175 किलो. व्यासपीठावर एका हाताने माईक सांभाळत दुसऱ्या हातात सात किलो धरून फोटोसाठी हसणं कुणालाच जमत नाही. माझ्या मते एकूण चार ते पाच किलो ही योग्य जागा. म्हणून दगड पातळ घ्या किंवा लाकूड घ्या, वजन शिल्पात राहू द्या.

वजन मात्र हवंच. पथकातल्या माणसाने हातात घेतल्यावर खांद्याला कळलं पाहिजे. रेझिनला मी कमी लेखत नाही, पैसे आणि वेळ दोन्ही नसतील तर ब्रॉंझची पूड मिसळलेलं रेझिन घासून चांगलं दिसतं. पण त्याच्या पोटात वजन भरा, आणि आयोजकांना ते काय आहे ते स्पष्ट सांगा. ‘ब्रॉंझ’ म्हणून रेझिन देणारे आहेत. दहा वर्षांनी कोपरा उडाला की आतलं पांढरं बाहेर येतं.

आकाराची काळजी फार करू नका. मोहेंजोदडोची नर्तकी जेमतेम साडेदहा सेंटिमीटर आहे, ब्रॉंझचीच, मेण वितळवून ओतायच्या याच पद्धतीची, आणि फोटोत पाहणाऱ्याला ती पुरुषभर उंच वाटते. मोठेपणा उभं राहण्याच्या पद्धतीतून येतो. तुमच्या जवानाला दीड फुटांची गरज पडतेय, कारण तो उभा कसा आहे हेच ठरलेलं नाही.

ओतकामाची बाजू थोडक्यात, कारण तुम्ही माती-मेण जाणता असं तुमच्या फोटोंवरून दिसतंय. आधी एक तृतीयांश मापाचा मॅकेट, म्हणजे छोटा कच्चा नमुना करा, निदान तीन. मग आर्मेचर, म्हणजे आतला तारांचा सांगाडा, आणि त्यावर प्लॅस्टिलिन, म्हणजे न वाळणारी तेलाची माती. त्यावर सिलिकॉन रबराचा साचा, बाहेरून प्लास्टरचं कवच. साच्यातून मेणाची प्रत, तिला धातू आत यायच्या आणि हवा बाहेर जायच्या नळ्या, मग सिरॅमिकचं कवच, भट्टीत मेण बाहेर, आणि हजार अंशांहून जास्त तापवून वितळलेला धातू आत. धातू थंड होताना दीड-दोन टक्के आकसतो, 40 सेंटिमीटरला सहा ते आठ मिलिमीटर. एरवी हे कळतही नाही, पण शिल्प आधीच कापून ठेवलेल्या बैठकीच्या खाचेत बसवायचं असेल तर नेमकं कळतं. खाच शेवटी कापा.

फाउंड्रीशी, म्हणजे धातू ओतणाऱ्या कारखान्याशी, मातीकाम चालू असतानाच बोला. पाच माणसं आणि एक स्ट्रेचर म्हणजे शंभर फटी: बगला, पायांमधल्या जागा, दांडीखालच्या जागा. ओतणारा पहिल्याच नजरेत सांगतो की हे तीन तुकड्यांत ओतू आणि वेल्ड करू. मग वेल्ड कुठे येणार ते तुम्ही ठरवा, त्याच्यावर सोडू नका. माझ्या त्या ट्रॉफीत पहिल्यांदा जोड नेमका दांडी आणि मुठीच्या मध्ये आला होता, म्हणजे सगळा भार जिथे येणार तिथेच. तो बदलून मूठ आणि दांडी एकसंध ओतली आणि आतून पोलादी सळई घालून थेट बैठकीला बांधली. तरीही एका बाजूच्या मुठीने पाच किलो उचलताना मनगट पिळवटतं, म्हणून बैठकीला खालून दीड सेंटिमीटरची खाच ठेवली, दुसऱ्या हाताची बोटं आत जातील अशी. कार्यक्रमात मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, तरी सगळ्यांनी ती दोन हातांनीच उचलली.

बैठक किती रुंद, याला माझं ठोकताळ्याचं माप म्हणजे उंचीच्या निदान एक तृतीयांश, आणि माणसं पुढे झुकलेली असतील तर त्याहून जास्त. नुसत्या मापावर विसंबू नका. मातीचा नमुना फळीवर ठेवून फळी हळूहळू तिरकी करा. पंधरा अंशांपर्यंत चारही दिशांनी उभा राहिला तर पुढे जा. समारंभाची टेबलं डुगडुगतात, वर कापड सरकतं, आणि ते कापड कुणीतरी ओढतंच.

रंगाबद्दल माझी आवड सांगते, नियम नाही. गरम धातूवर पोटॅशियम सल्फाइडने तपकिरी, त्यावर फेरिक नायट्रेटने थोडी लालसर ऊब. क्युप्रिक नायट्रेटचा हिरवा टाळते, तो जुन्या पुतळ्यांचा रंग आहे आणि जिवंत पथकाला जुनं करतो. पोटॅशियम सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो, हवा खेळती ठेवा, मास्क लावा, आणि ते ॲसिडजवळ मुळीच नेऊ नका, त्यातून विषारी वायू सुटतो. शेवटी मेणाचा हात. जिथे सतत हात लागणार तिथे रंग लवकर उडून धातू चमकायला लागतो. रोममधल्या संत पीटरच्या पुतळ्याचा पाय भाविकांच्या स्पर्शाने असाच झिजून गुळगुळीत झालाय. मी मुठीला मुद्दाम रंग पातळ देते. दोन वर्षांत ती आपोआप उजळते, बाकी शिल्प गडद राहतं.

अक्षरांचं एक सांगायचं राहिलं. देवनागरी ओतकामात इंग्रजीपेक्षा जास्त जागा मागते. वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. ‘ष्ट्र’सारखं अक्षर पाच मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर त्याच्या फटी धातूने बुजतात. म्हणून मजकूर शिल्पासोबत ओतू नका, वेगळ्या पितळी पट्टीवर कोरून घ्या आणि पट्टी स्क्रूने लावा. फिरती ढाल असेल तर पुढच्या वीस वर्षांच्या नावांची जागा आजच मोजून ठेवा. नावं ज्याची त्याच्याकडूनच लिहून घ्या, यादीवरून नको. मी एकदा आयोजकांच्या यादीवर विश्वास ठेवला आणि एका माणसाच्या आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ चुकला. पट्टी दोन दिवसांत बदलली, पण त्याने सगळ्यांसमोर ती चुकीची वाचून झाली होती.

तुमचे आठ आठवडे मी असे वाटले असते. पहिला आठवडा पूर्ण पथकासोबत, माती नाहीच. दुसऱ्यात मॅकेट आणि ते घेऊन पुन्हा त्यांच्याकडे. तिसरा-चौथा माती. पाचव्यात साचा आणि मेण. सहावा-सातवा फाउंड्रीचा. आठव्यात छिन्नीकाम, रंग, पट्टी, बैठक. यात एकही मोकळा दिवस नाही आणि फाउंड्रीत गर्दी असेल तर हे कोलमडतं. म्हणून आजच फाउंड्रीला फोन करून तारीख घ्या. तारीख मिळत नसेल तर ब्रॉंझचा हट्ट सोडा. ॲल्युमिनियम 660 अंशांनाच वितळतं, वाळूच्या साच्यात होतं, हलकं आणि करडं असतं, आणि बचावाच्या अवजारांच्या जवळचं दिसतं. मला तर काही कामांना तेच जास्त शोभेल असं वाटतं. पण मग बारीक गाठी, बोटं विसरा, ढोबळ आकारात विचार करा. पहिला आठवडा वाचवून मातीला द्यावा असा मोह होईल. तो आठवडा सोडून बाकी कुठलाही कापा.

कडेवरच्या मुलाबद्दल तुम्ही काही विचारलं नव्हतं, तरी सांगते. सगळी मुलं वाचत नाहीत, आणि हे पथकाला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. वाचवलेलं मूल हातात दिलंत तर त्यांना न वाचलेलं आठवतं. माझ्या स्ट्रेचरवर कोण आहे ते दिसत नाही, फक्त पट्ट्यांखाली एक उंचवटा आहे. कुणी मला विचारलं नाही की तो जिवंत आहे का.

नवीन मॅकेट झाला की फोटो टाका. समोरून एकच नको, चारही बाजूंनी, मागून तर नक्कीच, कारण व्यासपीठावर ट्रॉफी उचलली की सभागृहाला बहुतेक वेळा मागचीच बाजू दिसते. आणि एक फोटो पथकातल्या कुणीतरी तो हातात धरलेला. तो पकडताना त्याची बोटं कुठे जातात ते मला बघायचंय.